‘घाबरू नकोस’ : दंतवैद्याच्या खुर्चीतील मूल आणि भाषा

‘दाताला कीड लागली’ असे आपण इतक्या सहजपणे म्हणतो, की त्या शब्दांमागची कल्पना सहसा लक्षात येत नाही. दातात अळी शिरते आणि ती दात आतून पोखरते, ही मानवजातीच्या फार जुन्या समजुतींपैकी एक. प्राचीन बाबिलोनमधील मातीच्या पाट्यांवर दाताच्या किड्याला उद्देशून रचलेला मंत्र सापडतो. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशी अळी आपल्याला कधी आढळली नाही, असे नोंदवले. पुढे १८९० साली विलोबी मिलर याने तोंडातील जंतू साखर व पिष्ट पदार्थ आंबवून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दात झिजतो, असे मांडले. शास्त्रातून अळी हद्दपार झाली; भाषेत मात्र ती टिकून राहिली. प्रौढांच्या दृष्टीने ते आता निव्वळ मृत रूपक होय. परंतु पाच वर्षांच्या मुलाला ‘तुझ्या दातात कीड आहे’ असे सांगितले, की त्याच्यापुरते ते रूपक तत्क्षणी जिवंत होते. आपल्या तोंडात काहीतरी वळवळते आहे आणि ते काढण्यासाठी कोणी अनोळखी माणूस अणकुचीदार हत्यार घेऊन येणार आहे, एवढे त्याला कळते.

दंतवैद्यकाचा इतिहास बहुधा उपकरणांचा आणि औषधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. खुर्चीत बसलेल्या मुलाच्या भीतीचा इतिहास त्यात क्वचितच येतो. प्रस्तुत लेखात आम्ही त्या दुसऱ्या इतिहासाची रूपरेषा मांडू इच्छितो. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की ही भीती केवळ वेदनेतून उद्भवत नाही. ती बरीचशी शब्दांतून येते आणि तिच्यावरचा उपायही पुष्कळ अंशी शब्दांचाच आहे. म्हणूनच हा विषय वैद्यकाइतकाच भाषा आणि साहित्य शिकवणाऱ्यांचाही ठरतो.

वेदनेच्या इतिहासातील टप्पे सुपरिचित आहेत. अमेरिकेतील हार्टफर्ड येथे ११ डिसेंबर १८४४ रोजी होरेस वेल्स या दंतवैद्याने नायट्रस ऑक्साइड वायू हुंगून स्वतःचीच दाढ काढून घेतली. १८४६ साली विल्यम मॉर्टन याने बोस्टनमध्ये ईथरचा जाहीर प्रयोग यशस्वी करून दाखवला; तोही व्यवसायाने दंतवैद्यच. १८८४ साली कार्ल कोलर याने कोकेनमुळे डोळ्याचा पृष्ठभाग बधिर होतो हे दाखवले आणि १९०५पासून नोव्होकेन उपलब्ध झाले. म्हणजे विसाव्या शतकाच्या आरंभी दात न दुखवता काढण्याची साधने हाताशी होती. वेदनेचा प्रश्न तत्त्वतः सुटल्यावर भीतीचाही सुटावा, अशी अपेक्षा गैर नव्हती. तसे झाले नाही.

टोमास मान यांची ‘बुडेनब्रूक्स’ ही कादंबरी १९०१ साली प्रसिद्ध झाली. त्या घराण्याचा अखेरचा वारस हान्नो हा लहानपणापासून दातांच्या दुखण्याने गांजलेला आहे. त्याचा दंतवैद्य हेर ब्रेश्ट याच्याकडे योझेफुस नावाचा एक पोपट असतो आणि तो येणाऱ्यांशी बोलतो. ब्रेश्ट स्वतःच इतका हळवा आहे, की दात उपटण्याच्या प्रसंगी त्याचाही चेहरा पांढरा पडतो. घराण्याच्या ऱ्हासाचे चिन्ह म्हणून समीक्षकांनी या दातांची पुष्कळ चर्चा केली आहे. आम्हांस येथे वेगळी बाब लक्षणीय वाटते. मान यांनी भयाची जागा हत्यारापाशी ठेवलेली नाही. ती प्रतीक्षेत आहे, पोपटाच्या निरर्थक आदरातिथ्यात आहे आणि उपचार करणाऱ्याच्या चेहऱ्यावर आहे. मूल जे पाहते आणि ऐकते, त्यातून त्याचे भय आकाराला येते. मानसशास्त्राला हे सिद्धान्तरूपाने मांडायला पुढे सुमारे पाऊणशे वर्षे लागली.

कादंबरीकडून आता एका प्रत्यक्ष संस्थेकडे वळू. मुलांच्या दंतोपचाराचा राष्ट्रव्यापी प्रयोग ज्या देशांनी सर्वप्रथम केला, त्यांत न्यूझीलंडचे नाव अग्रभागी येते. पहिल्या महायुद्धात सैन्यभरतीच्या वेळी तेथील असंख्य तरुणांचे दात अत्यंत वाईट स्थितीत आढळले. सैन्याच्या दंतविभागाचे काम पाहिलेल्या टॉमस हंटर यांनी युद्धानंतर सुचवले, की तरुण स्त्रियांना दोन वर्षांचे प्रशिक्षण देऊन ‘शालेय दंतपरिचारिका’ म्हणून नेमावे आणि त्यांनी शाळांतील मुलांचे दात तपासावेत, भरावेत, गरज पडल्यास काढावेत. १९२१ साली वेलिंग्टन येथे हे प्रशिक्षण सुरू झाले. शाळांच्या आवारात छोटे स्वतंत्र दवाखाने उभे राहिले आणि मुलांची नियमित तपासणी होऊ लागली. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने ही योजना दूरदर्शी होती. अन्य देशांनी तिचे अनुकरण केले. १९४९ साली मलायातील पेनांग येथेही दंतपरिचारिकांचे असे विद्यालय निघाले.

न्यूझीलंडच्या मुलांनी मात्र त्या दवाखान्याला आपले स्वतःचे नाव दिले – ‘मर्डर हाउस’, म्हणजे खुनाचे घर. हे नाव कोणी आणि केव्हा पाडले, हे सांगता येत नाही. लोकगीतासारखे ते अनामिक आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या शाळेच्या पटांगणावरून पुढे सरकत राहिले. त्यामागची कारणे त्या काळच्या आठवणींतून कळतात. दात कोरण्याचे यंत्र दीर्घकाळ शिलाई मशीनप्रमाणे पायाने चालवायचे होते. गती कमी, म्हणून कोरण्याचा वेळ जास्त आणि कवटीत घुमणारी घरघरही जास्त. दात भरताना बधिर करण्याचे इंजेक्शन पुष्कळदा दिले जात नसे. आईवडील जवळ नसत. भर वर्गात निरोप येई आणि एका मुलाचे नाव पुकारले जाई. उपचार संपल्यावर कापसाच्या सुरळीपासून बनवलेला छोटा भुंगा बक्षीस मिळे. त्या पिढीतील अनेकांच्या स्मरणात ती घरघर आणि तो भुंगा शेजारीशेजारी राहिले आहेत.

परिचारिका क्रूर होत्या, असा याचा अर्थ लावणे अन्यायाचे होईल. त्याही बहुतेक विशीतल्या मुली होत्या आणि कठोर शिस्तीच्या सरकारी उतरंडीत सर्वांत खालच्या पायरीवर होत्या. १९७४ साली त्यांनीच वेतनाच्या प्रश्नावर वेलिंग्टनच्या संसदभवनावर मोर्चा नेला. त्यांच्या कामामुळे हजारो मुलांचे दात वाचले, ही वस्तुस्थिती आहे. येथे दोन प्रकारची कागदपत्रे समोरासमोर ठेवण्यासारखी आहेत. सरकारी अहवाल भरलेल्या आणि काढलेल्या दातांची संख्या देतात. ‘मर्डर हाउस’ हे दोन शब्द त्या संख्येत न मावणारा अनुभव सांगतात. सत्तेच्या नोंदींत ज्यांना आवाज नसतो, त्यांचे म्हणणे टोपणनावांत, म्हणींत आणि विनोदांत शोधावे लागते, हे साहित्याच्या अभ्यासकांना नवे नाही. मुले हाही असाच एक समूह आहे.

योगायोग असा, की यंत्रातील मोठी सुधारणाही याच देशात आकाराला आली. ओटागो विद्यापीठाच्या दंतशाखेतील जॉन वॉल्श यांनी १९४९च्या सुमारास हवेच्या झोताने फिरणाऱ्या ड्रिलवर मूलगामी काम केले आणि १९५७ साली अमेरिकेत ‘बोर्डेन एअरोटर’ हे अतिवेगवान यंत्र बाजारात आले. कोरण्याचा वेळ घटला, कंप कमी झाला. पण घरघरीच्या जागी एक तीक्ष्ण शीळ आली आणि ती बाहेर बसलेल्या मुलाला दाराआडूनही ऐकू जाऊ लागली. वेदना कमी झाली, तरी भीतीला नवे वाहन मिळाले.

अशा भेदरलेल्या मुलाला हाताळायचे कसे, या प्रश्नाला विसाव्या शतकाच्या पूर्वार्धाने दिलेले उत्तर मुख्यतः शिस्तीचे होते. रडणारे मूल म्हणजे हट्टी, लाडावलेले, वळण नसलेले मूल, ही त्यामागची धारणा. इव्हँजेलिन जॉर्डन या अमेरिकेतील केवळ मुलांवरच उपचार करणाऱ्या आद्य दंतवैद्यांपैकी एक. १९२०च्या दशकातील त्यांच्या लेखनात, ऐकत नसलेल्या मुलाच्या तोंडावर घडी केलेला रुमाल धरावा, अशी सूचना येते. हीच रीत पुढे ‘तोंडावर हात ठेवणे’ या नावाने पाठ्यपुस्तकांत स्थिरावली. दंतवैद्याने मुलाच्या तोंडावर हात ठेवायचा, कानाशी शांतपणे सांगायचे की रडणे थांबताच हात काढला जाईल, आणि मूल गप्प झाले की त्याची स्तुती करायची. अमेरिकेतील बालदंतवैद्यांच्या अकादमीने आपल्या मार्गदर्शक सूत्रांतून ही पद्धत वगळली ती २००६ साली. म्हणजे ऐंशी वर्षे मुलाची भाषा – कारण रडणे ही त्या वयाची भाषाच असते – अक्षरशः हाताने दाबण्याचे तंत्र शास्त्रमान्य होते. त्या तंत्राने मूल गप्प होई, यात शंका नाही. गप्प झालेल्या मुलाची भीती गेली असे मानणे, हा त्यातील दोष होता.

याच काळात मानसशास्त्रात भिन्न दिशेने काम चालू होते. १९२० साली जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी एका तान्ह्या मुलाला पांढऱ्या उंदराची भीती कशी ‘शिकवता’ येते, हे दाखवले. त्याच मुशीतून घडलेल्या मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ साली उलट प्रश्न विचारला : शिकलेली भीती विसरवता येईल काय? सुमारे तीन वर्षांच्या पीटरला सशाची भीती वाटे. त्याला आवडीचा खाऊ देत असताना पिंजऱ्यातला ससा प्रथम दूर ठेवला गेला आणि मग टप्प्याटप्प्याने जवळ आणला गेला. सशाशी निर्भयपणे खेळणारी अन्य मुलेही त्याच्या सोबत आणली गेली. अखेरीस पीटर सशाला कुरवाळू लागला. या प्रयोगात कोणीही त्याला ‘शूर हो’ असे बजावले नव्हते. ससा कोणत्या गतीने जवळ येणार, हे त्याच्या सहनशक्तीवरून ठरत होते.

या विचाराचे दंतवैद्यकातील रूप म्हणजे १९५९ साली हॅरोल्ड अ‍ॅडल्स्टन यांनी मांडलेली ‘सांगा-दाखवा-करा’ ही पद्धत. आधी मुलाच्या भाषेत सांगायचे : हा छोटा आरसा आहे, याने मी तुझे दात मोजणार आहे. मग दाखवायचे : आरसा त्याच्या हातात द्यायचा, फिरणारा ब्रश त्याच्या नखावर टेकवायचा. आणि मग जे सांगितले व दाखवले, नेमके तेवढेच करायचे. पद्धत इतकी साधी, की तिच्यातील नैतिक करार नजरेआड होण्याचा संभव आहे. तिसरी पायरी पहिल्या पायरीशी प्रामाणिक राहिली, तरच पुढच्या वेळी ‘सांगा’ला काही मोल उरते. पाठीमागे सुई लपवून ‘फक्त बघतो’ म्हणणारा दंतवैद्य त्या एका भेटीत वेळ वाचवतो. पण त्यानंतर त्या मुलाच्या दृष्टीने सर्वच मोठ्यांची वाक्ये संशयास्पद होतात.

त्यानंतरच्या संशोधनाने अनेक रूढ समजुती तपासल्या. १९६२ साली स्पेन्सर फ्रँकल आणि सहकाऱ्यांनी, आईने उपचाराच्या खोलीत थांबावे काय, हा प्रश्न घेतला. सुमारे साडेतीन ते चार वर्षांच्या मुलांना आईच्या उपस्थितीचा स्पष्ट लाभ होतो, असे त्यांना आढळले. त्याहून मोठ्या मुलांत तसा फरक दिसला नाही. १९७५ साली बार्बरा मेलामेड यांनी दाखवले, की दुसरे एखादे मूल धीराने उपचार करून घेत असल्याचा चित्रपट आधी पाहिलेली मुले कमी घाबरतात. पीटरच्या सोबत्यांचेच हे नवे रूप. १९८९ साली ग्रॅहम डेव्ही यांनी आणखी एक व्यवहार्य बाब पुढे आणली. ज्यांच्या आरंभीच्या भेटी वेदनारहित गेल्या, त्यांना पुढे एखादा दुखरा अनुभव आला तरी कायमची भीती जडण्याची शक्यता कमी असते. दाढ ठणकू लागल्यावरच मुलाला प्रथम दंतवैद्याकडे नेण्याची जी रीत आपल्याकडे सर्रास दिसते, तिने नेमकी हीच ढाल मुलापासून हिरावली जाते.

फ्रँकल यांच्या अभ्यासातून मुलांच्या वर्तनाची एक चार पायऱ्यांची मोजपट्टी रूढ झाली आणि ती आजही वापरली जाते. तिच्याविषयी एक आक्षेप नोंदवणे आवश्यक वाटते. ती मुलाचे सहकार्य मोजते, भीती नव्हे. मुकाट्याने तोंड उघडून बसलेले मूल तिच्यावर चांगले ठरते. त्याच्या मनातील थरकाप तिला दिसत नाही. म्हणून पुढे मुलांनाच विचारणारी साधने आली : हसऱ्यापासून रडव्यापर्यंतचे चेहरे समोर ठेवायचे आणि ‘तुला आत्ता कोणासारखे वाटते?’ असे विचारायचे. २०१५ साली भारतीय बालदंतवैद्यांनी या कामासाठी रेखाचित्रांऐवजी खऱ्या मुलांची छायाचित्रे वापरणारी एक श्रेणी तयार केली. मुलगे आणि मुली यांच्यासाठी छायाचित्रांचे वेगवेगळे संच. निवेदक बदलला, म्हणजे कथा बदलते. मुलाविषयी तृतीयपुरुषी बोलणाऱ्या शास्त्राने मुलाला प्रथमपुरुषी वाक्य दिले, असे या बदलाचे वर्णन करता येईल.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. १९७७ साली स्टॅन्ली रॅकमन यांनी भीती मनात शिरण्याच्या तीन वाटा सांगितल्या : स्वतःचा अनुभव, दुसऱ्याला घाबरलेले पाहणे आणि ऐकीव माहिती. तिसरी वाट पूर्णपणे शब्दांची आहे. मराठी घरांत ती वाट रोजच्या वापराची आहे. ‘गप्प बस, नाहीतर डॉक्टरकाका सुई टोचतील’ हे वाक्य कानी पडले नाही, असे मूल विरळाच. बागुलबुवा निदान काल्पनिक होता. त्याच्या जागी आपण प्रत्यक्षात भेटणारा माणूस आणून बसवला. जेवण्यासाठी, झोपण्यासाठी, अभ्यासासाठी ज्याच्या नावाने धाक घातला, त्याच्याच खुर्चीत एके दिवशी मुलाने निःशंक बसावे, अशी आपण अपेक्षा करतो.

धाकाचे एक वेळ समजू शकते, दिलाशाचे काय? ‘घाबरू नकोस’, ‘काही होत नाही’, ‘आता संपलंच’ ही वाक्ये आपण मायेने बोलतो. १९८२ साली वाइनस्टीन, गेट्झ आणि सहकाऱ्यांनी दंतवैद्य व मुले यांच्यातील संवादाचे निरीक्षण केले. नेमके मार्गदर्शन मुलांना शांत करते. मोघम दिलासा, आर्जव किंवा हिणवणी यांचा तसा उपयोग होत नाही. भावना नाकारल्याने तर ती वाढते, असे त्यांना दिसले. २०१० साली मेगन मॅकमर्ट्री आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रक्त काढण्याच्या प्रसंगी पालक जे बोलले, त्याची चित्रफीत मुलांनाच दाखवण्यात आली. पालक दिलासा देत असताना ते स्वतः अधिक घाबरलेले आहेत, असे मुलांनी सांगितले. पालक दुसऱ्या विषयावर बोलत असताना तसे वाटले नाही.

व्याकरणाच्या अंगाने पाहिल्यास यात आश्चर्य नाही. ‘घाबरू नकोस’ या वाक्यात नकार शेवटी येतो. आधी येते ते ‘घाबरू’. घाबरण्याजोगे काही आहे, हे त्या वाक्यात गृहीतच धरलेले असते. ‘तुझी जीभ या बाजूला ठेव’ किंवा ‘मी पाचपर्यंत मोजतो, तोवर तोंड उघडे ठेव’ या वाक्यांत भीतीचे नावही नाही आणि मुलाला करण्यासारखे काहीतरी आहे. ‘दुखणार नाही’ हे वचन बहुधा मोडते. ‘मुंगी चावल्यासारखे वाटेल आणि मग तुझी दाढ झोपी जाईल’ हे वाक्य मोडत नाही. दोन्ही वाक्ये सौम्य आहेत. पण पहिले असत्य आहे आणि दुसरे रूपक. रूपक आणि थाप यांतील हा भेद आपण वर्गात काव्याच्या संदर्भात शिकवतो. खुर्चीतल्या मुलाचा मोठ्यांवरचा विश्वास त्याच भेदावर उभा असतो.

येथे मराठीपुढे एक प्रत्यक्ष काम उभे राहते. महाराष्ट्रातील दंतवैद्यकाचे शिक्षण इंग्रजीतून होते. तेथील पाठ्यपुस्तकांत मुलांशी बोलताना वापरायच्या पर्यायी शब्दांच्या याद्या असतात : थुंकी ओढणाऱ्या नळीला ‘तहानलेले महाशय’, दातांभोवती ताणायच्या रबराला ‘रेनकोट’, क्ष-किरण यंत्राला ‘कॅमेरा’, ड्रिलला ‘शिट्टी’. पदवी घेऊन विद्यार्थी नांदेडला, चिपळूणला किंवा गडचिरोलीला बसतो, तेव्हा समोरचे मूल मराठीत, किंवा मराठीच्या एखाद्या बोलीत, किंवा गोंडीत भीत असते. ‘सांगा-दाखवा-करा’ यांतील ‘दाखवा’ आणि ‘करा’ कोणत्याही भाषेत होऊ शकेल; ‘सांगा’ मात्र मुलाच्याच भाषेत करावे लागते. ‘पाणी पिणारी नळी’, ‘दाताचा रेनकोट’, ‘झोपलेली दाढ’ असे शब्द अनेक दंतवैद्य आपापल्या दवाखान्यांत घडवतही असतील. ते जमवावेत, मुलांपुढे वापरून पारखावेत आणि त्यांची एखादी पुस्तिका व्हावी. आमच्या मते हे काम मराठी विभाग आणि दंतमहाविद्यालये यांनी मिळून करण्याजोगे आहे. त्या पुस्तिकेत ‘कीड’ हा शब्द ठेवायचा की नाही, याचाही निर्णय मुलांच्या समोर बसूनच घ्यावा लागेल.

आज अनेक बालदंतवैद्य उपचार सुरू करण्यापूर्वी मुलाशी एक खूण ठरवतात : काही त्रास वाटला तर डावा हात वर कर, मी लगेच थांबेन. तोंडात उपकरणे असताना मुलाला बोलता येत नाही, म्हणून त्याचा शब्द हातात दिलेला असतो. कित्येक मुले तो हात एकदाच वर करून पाहतात. यंत्र खरोखर थांबते की नाही, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे असते.